मधला खड्डा

पुंजाजी दोर धरायला बसला की एक डोळा मिटायचा आणि दुसऱ्याने वावराच्या पार त्या टोकापर्यंत पाहायचा. शेंदूरजनाघाटाच्या आसपास दहा-बारा गावांत कोणाला संत्र्याची बाग लावायची असली की आधी पुंजाजीला बोलावणं जायचं. खड्ड्यांच्या ओळी आखून देणं हे त्याचं काम. अठरा-अठरा फुटांवर चिंध्या बांधलेला एक दोर, बाभळीच्या खुंट्या आणि थोडा चुना, एवढ्यावर तो बाग अशी आखायचा की झाडं मोठी झाल्यावर कुठेही उभं राहा, ओळ सरळच दिसायची. शिक्षण म्हणाल तर सहीपुरतं. पण पुंजाजीची ओळ चुकली असं आजवर कोणी म्हटलेलं नव्हतं, आणि हे तो दिवसातून दोनदा तरी ऐकवायचा.

एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात केशरबाईने त्याला बोलावलं. म्हातारीचा नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. पंजाबराव आणि गोवर्धन ही तिची दोन्ही पोरं वेगळी निघाली होती आणि एकमेकांशी बोलत नव्हती. जमिनीची वाटणी झाली, पण विहिरीचं वावर तेवढं सामायिक राहिलं. दोघांनीही आपापल्या वाफ्यात संत्र्याची कलमं तयार करून ठेवली होती. ती कुठे लावायची यावर घोडं अडलं होतं.

केशरबाई ओट्यावर बसली होती. पुंजाजी खाली अंगणात उकिडवा. पाच वर्षांपूर्वी त्याने दीक्षा घेतली होती, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लागली होती, पण या अंगणातली त्याची जागा काही हलली नव्हती. गड्याने वरून पाणी ओतलं, तो ते ओंजळीने प्याला आणि त्याने तोंड पुसलं.

“पुंजाजी, दोघायचे वाफे सारखे हायेत,” म्हातारी म्हणाली. “बारा ओळी, एकेकीत बारा रोपं. ह्याची अन् त्याची रोपं एक करायची आन इहिरीच्या वावरात एकच चौकोनी बाग उभी करायची. जेवढ्या उभ्या ओळी तेवढ्याच आडव्या. एक रोप उरलं नाई पाह्यजे, एक खड्डा रिकामा राह्यला नाई पाह्यजे. उरलं तं ते कोनाचं, यावरून हे दोघं माह्या मयतीतबी भांडतीन.”

“बसन न माय. काहून नाई बसन?”

“पाह्य बरं. मी दोघायलेबी सांगतलं हाय, पुंजाजीनं जबान देल्ली म्हून.”

जबान तर त्याने आत्ताच दिली होती. पण त्याला काळजी नव्हती. चांदूर रेल्वेकडे त्याने चार चुलतभावांचे चार सारखे वाफे एका चौकोनात बसवून दिले होते. आठ-आठच्या ओळींचे चार चौकोन, त्यांचा सोळा-सोळाचा एक, ना एक रोप उरलं ना एक खड्डा. चौघांचं बसतं तर दोघांचं त्याहून सोपं, असा त्याचा साधा हिशेब. या हिशेबाने त्याला पुढे सहा वर्षं छळलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच तो वावरात गेला. दोनशे अठ्ठ्याऐंशी खुंट्या त्याने आधीच तासून, मोजून आणल्या होत्या. सोळा-सोळा खुंट्यांच्या सोळा ओळी आखल्या. बत्तीस खुंट्या हातात उरल्या. म्हणजे आणखी एक ओळ वाढवायला पाहिजे. सगळ्या उपटल्या आणि सतरा-सतराच्या सतरा आखल्या. दुपार झाली होती. जमीन अशी तापली होती की खुंटी ठोकताना गुडघा टेकवत नव्हता. शेवटची ओळ संपत आली आणि खुंट्या संपल्या. एक कमी पडली.

पडली असेल कुठे तरी, म्हणून त्याने येण्याची वाट धुंडाळली. मग सगळ्या खुंट्या पुन्हा मोजल्या. दोनशे अठ्ठ्याऐंशीच होत्या. तिसऱ्या दिवशी त्याने दोन्ही टोकांकडून सुरुवात केली. उगवतीकडून पंजाबरावच्या आठ ओळी, मावळतीकडून गोवर्धनच्या आठ. मधल्या ओळीत वरून आठ ह्याची, खालून आठ त्याची. दोघांची एकशे चव्वेचाळीस बरोब्बर बसली आणि वावराच्या अगदी मधोमध एक जागा उघडी राहिली. तो त्या जागेकडे पाहत कितीतरी वेळ उभा राहिला. हातातला दोर घामाने ओला झाला होता.

तेवढ्यात शकुन भाकर घेऊन आली.

शकुन त्याची एकुलती पोरगी. वरुडच्या शाळेतून तिने मॅट्रिकची परीक्षा दिली होती, निकाल यायचा होता. बौद्धवाड्यातून मॅट्रिकला बसलेली ती पहिली मुलगी. तिला अमरावतीच्या कॉलेजात गणित शिकायचं होतं, आणि पुंजाजी ते गावभर सांगत फिरायचा. शाळा सुटल्यावर ती बापासोबत वाफ्यात बसायची. डोळा बांधायला तिला त्यानेच शिकवलं होतं. जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याच्या फांदीचा डोळा बांधून तिने एक कलम स्वतः केलं होतं. ते घरामागे न्हाणीच्या पाण्यावर दोन वर्षं वाढत होतं आणि तिच्या कमरेला लागत होतं.

“बाबा, जेवा न. काय पाहून राह्यले?”

त्याने सांगितलं. तिने क्षणभर त्या उघड्या जागेकडे पाहिलं आणि हसली. वाईट हसली नाही, ओळखीचं माणूस भेटल्यासारखी हसली. पण पुंजाजीला ते झोंबलं.

“हे नाई बसत बाबा. कधीच नाई बसत.”

“म्हंजे?”

“दोन सारखे चौकोन मिळून एक चौकोन होतच नाई. बाराचे घ्या, शंभराचे घ्या, लाखाचे घ्या. कमी नाई तं जास्त राहीनच. आमच्या सरांनी सांगतलं, दोनाचं वर्गमूळ कोन्त्याच अपूर्णांकात येत नाई. हे तेच हाय. चाराचं येते, म्हून तुमचं चांदूरचं जमलं. नवाचंबी जमन. दोनाचं नाई, तिनाचं नाई, पाचाचं नाई.”

“कोन पाह्यलं लाखाचं लावून?”

“लावा लागत नाई, तेच तं! न लावता सांगता येते. पाहा,” म्हणत ती खाली बसली आणि काडीने मातीत चौकोन काढू लागली. “समजा बसलं. समजा बसलंच...”

पुंजाजी तिच्याकडे पाठ करून दोर गुंडाळू लागला. ती बोलत राहिली. उन्हात, डोक्यावरचा पदर सरकलेला, काडीने एकात एक चौकोन काढत तिने शेवटपर्यंत सांगितलं. मग हात झटकून उठली.

“तुमी असं करा बाबा. एकीकून सोळा ओळी धरा, एकीकून अठरा. बरोब्बर दोनशे अठ्ठ्याऐंशी होते. दोर जरा आखडून धरला का वावरात बसते. बुढीले सांगा, चौकोन होत नाई, हे होते.”

आता खरं सांगायचं तर पोरीने त्याच्या हातात तोड आणून ठेवली होती. सोळा-अठराची बाग लावली असती तर कोणाचं काही बिघडत नव्हतं, आणि ही गोष्टही सांगावी लागली नसती. पण त्याच वेळी बांधावरून गोवर्धन आला. ओळीत उभा राहून त्याने मधली उघडी जागा पाहिली.

“काय झालं पुंजाजी? बसत नाई का?”

“बसते न मालक.”

“मंग हे पोरगी काय सांगून राह्यली?”

शकुनने तोंड उघडलं होतं. पुंजाजीने तिच्या आधी पाय उचलला आणि मातीतले चौकोन तळव्याने पुसून टाकले.

“हिचं काय आयकता मालक. चार बुकं शिकली तं बापाले शिकवाले निंघाली. म्या आयुष्य काढलं दोर धरून, अन् हे म्हंते होतच नाई! घरी जाय वं, भाकर ठेव आन घरी जाय. लय झालं तुहं गणित.”

गोवर्धन हसला. वावरात खड्डे खोदायला आलेले दोन मजूरही हसले. शकुनने भाकरीचं फडकं बांधावर ठेवलं, त्याच्यावर वाऱ्याने उडू नये म्हणून दगड ठेवला आणि वळून गेली. जाताना तिने पुसलेल्या मातीवर पाय दिला नाही, बाजूने गेली.

जून लागला. खड्डे खणून झाले, शेणखत भरून झालं. दोन पाऊस चांगले पडल्यावर लावणी सुरू झाली. मधल्या खड्ड्याचं काय करायचं, हे पुंजाजीने कोणाला विचारलं नाही. ह्याच्याकडून एक जास्तीचं घ्यावं तर तो वरचढ होतो, त्याच्याकडून घ्यावं तर तो. विकत आणावं तर शेंदूरजनाचा रोपवाला गावात बोलल्याशिवाय राहायचा नाही. एका सकाळी शकुन विहिरीवर गेली असताना तो घरामागे गेला. सब्बलीने कडेने माती सैल केली, मुळांसकट गड्डा उचलला आणि पोत्यात बांधला.

त्याची बायको सुंदराबाई दारात उभी होती.

“तिचं झाड हाय ते,” ती म्हणाली.

“दुसरं बांधून देईन.”

“तिले इचारलं का?”

“बापानं इचारा लागते का?”

सुंदराबाई बाजूला झाली, पण त्याच्या अंगाला अंग लागणार नाही इतकी बाजूला झाली.

केशरबाईला त्याने सांगितलं की मधलं झाड रोपवाल्याने आपल्या खुशीने दिलं, बुढीच्या नावाचं. म्हातारी हरखली. दोन्ही पोरांची सारखी झाडं आणि मधोमध आईचं, याहून चांगलं काय असणार? खुद्द पंजाबरावनेही मान डोलावली. पुंजाजीला त्या दिवशी केशरबाईने नवं धोतर दिलं, ओट्यावरून खाली टाकून.

शकुनने घरामागचा खड्डा पाहिला. पुंजाजी म्हणाला, “वाळलं होतं, उपटलं.”  संध्याकाळी तिने फावड्याने तो खड्डा बुजवला आणि वरून पाय दाबून सारखा केला. पुढे निकाल लागला, ती चांगल्या मार्कांनी पास झाली. अमरावतीच्या कॉलेजाचा विषय तिने काढला नाही आणि पुंजाजीच्याने काढवला नाही. लय झालं तुहं गणित, हे आपणच चारचौघांत बोललो, आता कोणत्या तोंडाने जा म्हणायचं? दोन महिन्यांनी ती अकोल्याला नर्सच्या कोर्सला गेली. तिकडेच नोकरी लागली, जठारपेठेत खोली घेतली. पत्र यायचं. त्यात आईची तब्येत, पाऊसपाणी, स्वतःची ड्यूटी असायची. आकड्याचं एक अक्षर नसायचं.

बाग वाढली. तिची राखण पुंजाजीकडेच होती. आळी खणताना, पाण्याचा दांड वळवताना तो मधल्या झाडापाशी आला की त्याच्या हातातली कुदळ हळू चालायची. ते झाड आधीच दोन वर्षांनी मोठं, त्यामुळे ते सगळ्यांच्या आधी बहरलं. चौथ्या वर्षी त्याला बारा-पंधरा संत्री लागली. पुंजाजीने पहिलं फळ केशरबाईला नेऊन दिलं. तिने ओट्यावर बसून एकेक फोड चोखून खाल्ली.

“साखर हाय बाप्पा,” ती म्हणाली. “कोन्या हाताचं कलम हाय कोन जाने.”

पुंजाजीच्या ओठावर नाव आलं होतं. ते त्याने गिळलं. म्हातारीच्या तोंडात अजून फोड होती, आणि कोणत्या घरामागचं झाड हे तिला कळलं असतं तर तिने ती थुंकली असती की गिळली असती, हे पाहण्याची त्याची छाती झाली नाही.

पुढच्या पावसाळ्यात केशरबाई गेली. त्यानंतरच्या बहाराला मधलं झाड असं लदलं की फांद्यांना टेकू द्यावे लागले. आणि नेमका तेव्हा प्रश्न उभा राहिला, आता हे कोणाचं?

पंजाबराव म्हणे मी थोरला, आईच्या मागे आईचं ते माझं. गोवर्धन म्हणे शेवटी तिची घाण मी काढली, मी उचलणार. पाच वर्षं ज्यांनी एका दांडाने पाणी घेतलं त्या दोघांनी पाणी वळवणं बंद केलं. पंच बसले. एकाने सुचवलं, फळं अर्धी-अर्धी घ्या. ते दोघांनाही नको होतं. झाड ज्याचं त्याची बाग मोठी, गोष्ट एवढीच होती, आणि ती तोडता येत नव्हती. शेवटी एका गोष्टीवर दोघा भावांचं एकमत झालं. ना तुझं ना माझं, तोडून टाका.

थंडीचे दिवस होते. दव अजून वाळलं नव्हतं. पंजाबरावने कुऱ्हाड पुढे केली.

“तूच लावलं पुंजाजी, तूच तोड.”

पुंजाजीने कुऱ्हाड घेतली नाही. त्याने तोंड उघडलं. हे झाड माझ्या शकुनचं आहे, तिने बांधलेलं, मी तिच्या मागे चोरून आणलेलं. ते मला परत द्या, मी मुळासकट काढून नेतो. एवढंच तर बोलायचं होतं. दोघंही भाऊ त्याच्याकडे पाहत होते.

“काय म्हंतं?” गोवर्धनने विचारलं.

“काई नाई जी. फळं उतरवून घेतो, मंग तोडतो.”

“ने तूच ते फळं. आमाले नाई पाह्यजे.”

फळं उतरवायला तासभर लागला. मग त्याने कुऱ्हाड चालवली. संत्र्याचं लाकूड चिवट असतं, आणि त्याचा हात नेहमीसारखा बसत नव्हता. खोड पडल्यावर भावांनी त्याला सब्बलीने मुळंही उकरायला लावली. आठवड्याभरात त्या जागेवरून बाभळीच्या काट्यांचं कुंपण गेलं. इकडे एकशे चव्वेचाळीस, तिकडे एकशे चव्वेचाळीस. मधला खड्डा पुन्हा रिकामा झाला.

शकुन त्याच महिन्यात चार दिवसांच्या सुटीवर आली. चष्मा लागला होता, बोलणं कमी झालं होतं. दुपारी जेवणं झाल्यावर पुंजाजीने घरातली टोपली अंगणात आणून तिच्यासमोर ठेवली.

“खाय.”

तिने एक सोललं, एक फोड तोंडात टाकली. “गोड हाय. कोनाच्या बागेतलं?”

“तुह्या झाडाचं.”

तिने दुसरी फोड हातातच धरली.

“वाळलं नव्हतं ते,” तो म्हणाला. “म्या उपटून नेलं होतं. मधल्या खड्ड्यात लावलं. आता तोडलं. म्याच तोडलं.”

“नेलं ते मले मालूम होतं बाबा. वाळलेल्या झाडाले कोनी गड्ड्यासकट काढते का?” ती फोड खात म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर पुंजाजीला बरं वाटलं असतं.

 सुंदराबाई आत भांडी घासत होती, तिचा हात थांबला होता.

“शकुन,” पुंजाजी म्हणाला, “ते काहून नाई बसत, ते सांग न एक डाव.”

“काय?”

“दोन चौकोनाचं.”

ती हसली. पण हे ते हसू नव्हतं. “याद नाई आता मले. सहा वर्सं झाले. वार्डात कुठं लागते वर्गमूळ?”

 पुंजाजीने टोपली पुढे ओढली आणि एकेक संत्रं काढून शेणाने सारवलेल्या अंगणात मांडू लागला. डोळा न मिटताही ओळ सरळ आली. चार-चारच्या चार ओळी मांडून झाल्यावर तो बोलू लागला, आधी चाचरत.

“समजा बसलं. दोन सारखे लहान चौकोन, त्यायचा एक मोठा. मंग मोठ्यातले झाडं जोडीजोडीनं मोजता येतात, काहून का दोन सारखे मिळून झाले. बरोबर?”

शकुनने मान वर केली.

“आता मोठ्याची ओळ एकीची असती, तं झाडंबी एकीचे आले असते. पाचा पाचा पंचवीस, साता साता एकोनपन्नास. जोडी लागलीच नसती. म्हंजे ओळ बेकीची. मधून तोडता येते, उभीबी अन् आडवीबी.” त्याने मांडलेल्या संत्र्यांमधून बोटाने दोन रेघा ओढल्या. “मोठ्याचे चार तुकडे झाले. चारी सारखे, चारीबी चौकोनच. आता मोठा म्हंजे दोन लहान. मंग एक लहान म्हंजे चारातले दोन तुकडे. म्हंजे पुना तेच! दोन सारखे चौकोन अन् त्यायचा एक, फक्त पह्यल्यापेक्षा लहान.”

“मंग त्याचंबी तसंच,” शकुन हळूच म्हणाली.

“त्याचंबी तसंच. मंग त्याच्या तुकड्यायचं. लहान, आनखी लहान. पन झाडं किती लहान होतीन? कोठं तं थांबा लागते. उतरत उतरत शेवटी एका झाडावर येते.” त्याने एक संत्रं उचलून हातात धरलं. “अन् एक झाड दोघायचं सारखं होत नाई. म्हून पह्यलं बसलंच नव्हतं.”

 वावरात कुदळ मारताना, दांड वळवताना, सहा वर्षं हे त्याने मनाशी म्हणून पाहिलं होतं. मोठ्याने आज पहिल्यांदा म्हटलं.

शकुन त्याच्याकडे एकटक पाहत होती. चष्मा काढून तिने पदराने पुसला.

“तवा तं तुमी दोर गुंडाळून राह्यले होते. माह्याकडं पाठ होती तुमची.”

“होती.”

“मंग तुमी आइकत होते?”

“सगळं आइकत होतो.”

“समजलंबी होतं?”

पुंजाजीने हातातलं संत्रं खाली ठेवलं. ते ओळीच्या बाहेर पडलं. त्याने ते नीट केलं नाही.

“तवाच समजलं होतं.”

 शकुनने अंगणातली संत्री गोळा करून टोपलीत भरली, एकेक, न मोजता. टोपली आत नेऊन ठेवली आणि दारातूनच म्हणाली, “मंग तेवढं म्हनाचं होतं न बाबा. त्या दिवशी.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती अकोल्याला गेली.